सुधाकरनंतरची शंभर वर्षं

'एकच प्याला' हे नाटक रंगभूमीवर आलं 1919 मध्ये, ते लिहिणारे राम गणेश गडकरी गेले त्याच वर्षी. नाटकाचा नायक सुधाकर का पितो, याचं उत्तर महाराष्ट्राने तेव्हापासून पाठच करून टाकलं: वाईट संगत. त्याला दारू पाजणारा तळीराम नसता तर बिचारा वाचला असता! मला हे कधी पटलं नाही. तळीरामाने पेला पुढे करण्याआधीच सुधाकरची वकिलीची सनद गेलेली असते, भर कोर्टात पाणउतारा झालेला असतो. आणि त्याहून बोलका प्रसंग पुढे आहे. तो दारू सोडतो, काम मागायला निघतो आणि प्रतिष्ठित मंडळी त्याला हात हलवत परत पाठवतात. तो पुन्हा पितो. पहिल्या पेल्याचं कारण एक होतं, सोडल्यानंतर पुन्हा उचललेल्या पेल्याचं दुसरं. गडकऱ्यांना हे दिसलं होतं.

सरकारला मात्र बाटलीच दिसली. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर पैसेवाल्यांनी प्रकृतीच्या नावाखाली परमिटं काढली, बाकीच्यांसाठी हातभट्ट्या आणि 'आंटी'चे अड्डे होतेच. पुढे बंदी सैल झाली. 1993 मध्ये गडचिरोलीत, 2015 मध्ये चंद्रपुरात ती पुन्हा आली आणि चंद्रपुरातली 2021 मध्ये उठलीही. या बंदीमागे बायकांचा रेटा होता, आणि दुकान बंद झालं की पगार घरी पोचतो हे त्यांचं म्हणणं साधं आणि खरं होतं. पण माणूस पितो का, हा प्रश्न तिथे कुणी फारसा विचारला नाही.

तो मुंबईच्या गिरणगावात विचारायला हवा होता. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना पूर्वीची गिरणी पुन्हा मिळाली नाही. चाळिशीतल्या माणसाची पाळी गेली, भोंगा गेला, खात्यातले सोबती पांगले, घरात बायकोच्या खानावळीवर चूल पेटू लागली. पगाराच्या दिवशी घेणारा रोज घेऊ लागला, अशी उदाहरणं चाळीचाळीत होती. असा माणूस काही वर्षांनी सकाळी देशीच्या दुकानासमोर उभा दिसतो. हात इतका थरथरतो की ग्लास दोन्ही हातांनी तोंडाशी न्यावा लागतो. क्वार्टर पोटात गेली की थरथर थांबते, मग त्याला शर्टाची बटणं लावता येतात. तो आता गिरणीच्या दुःखाने पीत नाही, हात स्थिर राहावा म्हणून पितो. त्या दिवशी गिरणी सुरू झाली असती तरी त्याची दारू सुटली नसती.

पिण्याचं कारण असं वयानुसारही पालटत जातं. विशीत हॉस्टेलच्या खोलीत भिडस्त मुलाला चारचौघांत बोलायला धीर येतो. पस्तिशीत टार्गेट, हप्ते आणि न येणारी झोप. साठीनंतर रिकामी दुपार, कधी जोडीदाराचं जाणं. शिवाय शरीरातलं पाणी कमी झालेलं असल्याने तेच दोन पेग जास्त चढतात. बाई पीत असेल तर ती लपून पिते, त्यामुळे उपचारापर्यंत उशिरा पोचते.

जॉर्ज वेलंट या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 1983 मध्ये एक मोठं काम प्रसिद्ध केलं. हार्वर्डचे विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलं, अशा दोन गटांचा अनेक दशकं पाठपुरावा झाला होता. दुःखी बालपणामुळे माणूस दारुडा होतो, हा समज त्यात डळमळला. घराण्यातलं व्यसन आणि ज्या समाजात वाढलो तिथली पिण्याची रीत यांचा वाटा जास्त निघाला. पिणारा सांगतो ती कारणं बऱ्याचदा पिणं सुरू झाल्यावर जमवलेली असतात. सुटलेल्यांच्या बाबतीत पुन्हापुन्हा आढळलं ते असं: दारूच्या जागी दुसरं काहीतरी, नवी नाती, कुणाचीतरी नजर, आणि मनाला उभारी देणारा एखादा गट.

आपल्याकडे यालाच माळ घालणं म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ असली की ओल्या पार्टीत कुणी आग्रह करत नाही, संध्याकाळी हरिपाठ असतो, आषाढीला दिंडी असते. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेलं 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभाही, देवाचा भाग वेगळा ठेवला तर, हेच देतात: सोबत आणि संध्याकाळचं काम. सुधाकरला हे कुणीच दिलं नाही. मित्र रामलालने उपदेश दिला, बायको सिंधूने सोसलं.

घरात कुणी रोज पीत असेल तर शपथ घालून एका रात्रीत दारू बंद करायला लावू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 या क्रमांकावर आहे, आणि तिथे घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही.