नाटकाच्या पदांतील जुने शब्द

पुण्याच्या जुन्या पेठांतील घरांत 'पानशेत' हे नाव अद्यापही एका गावाचे म्हणून उच्चारले जात नाही. ते एका दिवसाचे म्हणून उच्चारले जाते. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील नवे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचे पाणी पेठांतून शिरले. आमच्या घरी त्या दिवसाची एक खूण आहे. 'संगीत शारदा' नाटकातील पदांचे एक लहानसे पुस्तक त्या पाण्यात भिजले होते. त्याच्या प्रत्येक पानावर गढूळ पाण्याची तपकिरी रेघ उमटली आहे. अक्षरे मात्र शाबूत राहिली.

गेल्या श्रावणात आमचे सारे कुटुंब पानशेतास गेले, तेव्हा हे पुस्तक मुद्दाम बरोबर घेतले होते. आमच्या पुतणीस महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात शारदेच्या मैत्रिणीचे काम मिळाले होते व पदे बसवावयाची होती. पुन्हा बांधलेल्या धरणामागे तानाजीसागर तुडुंब भरला होता. बाहेर पावसाची झड लागली होती, म्हणून ओसरीवर बैठक जमली आणि पुतणीने भुजंगनाथाच्या वयाची थट्टा करणारे ते सुप्रसिद्ध पद सुरू केले. दुसऱ्याच क्षणी आमच्या मातुःश्रींनी हात वर करून तिला थांबविले.

"अगं, तिथे 'पाऊणशे' आहे. 'पंचाहत्तर' कोठून आणलेस?"

"आजी, बसविणाऱ्या सरांनीच बदलले. पाऊणशे म्हणजे किती, ते आमच्यात कुणालाच सांगता येईना."

मातुःश्रींनी उजव्या हाताची चार बोटे उभी केली, त्यांतील एक मिटले आणि म्हणाल्या, "शंभराचे चार भाग केलेस, त्यांतला एक काढलास. झाले पाऊणशे."

एवढ्यावर तो प्रसंग मिटावयास हरकत नव्हती. परंतु त्यावरून त्या दिवशी घरात जो वाद झाला, तो रात्रीच्या पानावर बसेपर्यंत चालला. जुनी संगीत नाटके पुन्हा रंगभूमीवर आणताना पदांतील जुने शब्द बदलावे की राखावे, हा तो वाद होय. तो आमच्यापुरता नाही, म्हणूनच येथे त्याची चर्चा करण्याचे योजिले आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, आपल्या रंगभूमीने पदांस वेदवाक्याप्रमाणे कधीच मानले नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' व १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले. 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदे आहेत. प्रयोग रात्रभर चालत, तेव्हा ती सर्व शोभून दिसत. आजच्या तीन तासांच्या प्रयोगात त्यांतील थोडीच राहतात. चालींचेही तेच. साकी, दिंडी यांच्या साध्या चालींवरची पदे पुढे गवयी नटांच्या गळ्यात पडली आणि रागदारीच्या वळणावर गेली. 'एकच प्याला' नाटकाची हकीकत तर सर्वश्रुत आहे. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये निवर्तले. गंधर्व नाटक मंडळीने त्याच वर्षी ते नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचून दिली. बालगंधर्वांच्या तोंडून सिंधूची म्हणून जी पदे महाराष्ट्राने ऐकली, ती गडकऱ्यांची नव्हेत. आणि हे कोणी लपविलेही नाही. गुर्जरांचे नाव आजही घेतले जाते.

तेव्हा पद गाळणे, चाल बदलणे, दुसऱ्या कवीकडून पद लिहवून घेणे ही तीनही कृत्ये आपल्या परंपरेस संमत आहेत. मूळ कवीच्या नावावर दुसऱ्याचा शब्द मुकाट्याने खपविणे ही गोष्ट मात्र निराळी आहे, आणि आमचा आक्षेप तेवढ्याचसाठी आहे.

हा प्रश्न केवळ मराठीपुढे आहे असेही नाही. इंग्लंडात १८८५ साली रंगभूमीवर आलेल्या 'मिकाडो' या संगीत प्रहसनातील दोन गीतांत कृष्णवर्णीयांस लागणारा एक अपशब्द होता. १९४८ साली नाटक मंडळीने ए. पी. हर्बर्ट या लेखकाकडून त्या जागी नवे शब्द लिहवून घेतले. त्याच नाटकात एक पात्र आपणांस नकोशा माणसांची यादी गाऊन दाखविते. ती यादी तर दर नव्या प्रयोगास ताज्या घडामोडींप्रमाणे बदलली जाते, आणि यंदा कोणाची पाळी, याची प्रेक्षक वाट पाहत असतात. अमेरिकेत १९२७ सालच्या 'शो बोट' या संगीत नाटकातील नदीवरचे गीत पॉल रॉबसन या थोर कृष्णवर्णीय गायकाने गाजविले. पुढे आपल्या मैफलींतून ते गाताना त्याने त्यातील हताशपणाचे शब्द काढून झुंजीचे शब्द घातले. या दोन्ही देशांत बदल उघडपणे झाला. हर्बर्टचे शब्द हर्बर्टचे म्हणून राहिले आणि रॉबसनचे रॉबसनचे म्हणून.

आता आपल्या नाटकांकडे वळू. पदातील शब्द 'जुना झाला' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात तीन निरनिराळे अर्थ असतात, आणि ते एकत्र केल्यामुळेच बहुतेक घोटाळा होतो.

पहिला अर्थ असा की, शब्द कळेनासा झाला. 'पाऊणशे' हे त्याचे उदाहरण. पावकी, निमकी, पाऊणकी घराघरांतून गेली, त्यासरशी हा शब्दही मुलांच्या कानांवरून गेला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, हे वाचकांस आठवत असेलच. तेव्हा मुलांस शब्द अडला, तर दोष मुलांचा नव्हे. परंतु देवलांच्या त्या शब्दात नुसता आकडा नाही. वराचे वय 'पंचाहत्तर' म्हटले की वर्षांचा ढीग डोळ्यांपुढे येतो. 'पाऊणशे' म्हटले की शंभर भरावयास अद्याप पाव अवकाश आहे, असा मानभावी दिलासा त्यात येतो. सारी थट्टा त्या उण्या पावात आहे. शिवाय 'पाऊणशे' च्या मात्रा सात आणि 'पंचाहत्तर' च्या आठ. म्हणजे अर्थ पांगळा झालाच, वर चालीतही एक मात्रा अडखळते. कळत नाही तो शब्द समजावून द्यावा. तो काढून टाकणे म्हणजे पाहुण्यास घर सापडत नाही म्हणून घरच हलविण्यासारखे आहे.

दुसरा अर्थ असा की, शब्द कळतो, पण त्यातील चाल आपण टाकून दिली आहे. येथे मोह अधिक बळकट असतो. 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने बाप कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या पदरी बांधू पाहतो, हा त्याचा विषय. बालविवाहास आळा घालणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ साली झाला. तो मांडणारे हरबिलास सारडा. परंतु मराठी घरांत तो 'शारदा कायदा' म्हणूनच रूढ झाला, इतका त्या नाटकाचा ठसा लोकमनावर होता. त्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले; १९७८ साली ते अठरा झाले. मग हे सारे शिळे झाले, असे म्हणावे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरातील सुमारे बावीस जणींचा विवाह अठरापूर्वीच झाल्याचे आढळले. नाटकगृहातील खुर्चीवरून जे शिळे वाटते, ते गावोगाव अद्याप ताजे आहे. प्रेक्षकांस अवघडल्यासारखे होते म्हणून शारदेचे दुःख शब्दांनी सौम्य करणे, हे तिच्या बापाच्याच बाजूला जाऊन बसण्यासारखे आहे.

सिंधूच्या बाबतीत आमच्याच घरातील सुनांनी आक्षेप घेतला, आणि तो खोटा नाही. दारूने सर्वस्व नासविणाऱ्या नवऱ्यास देव मानणारी स्त्री आपण मुलींपुढे का गावी? आमच्या मते गावी. मात्र गाऊन झाल्यावर गप्प बसू नये. सिंधूच्या तोंडी आज बंडाचे शब्द घातले, तर तिचा भोग हलका होईल आणि दारूवरचा आरोपही तितकाच हलका होईल. ज्यास बंड करणारी सिंधू हवी, त्याने नवे नाटक लिहावे व त्याखाली आपले नाव घालावे.

तिसरा अर्थ मात्र गंभीर आहे. काही शब्द कोणाच्या तरी जातीस, वर्णास, वैधव्यास किंवा व्यंगास हिणवितात. ते लिहिणाऱ्याच्या काळी सभागृहात ज्यांस जागा नव्हती, ती माणसे आज तिकीट काढून शेजारच्या खुर्चीवर बसलेली असतात. त्यांचा अपमान करून परंपरा राखली, असे समाधान मानणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण नव्हे. असे पद गाळावे. कथानकासाठी गाळता येत नसेल तर बदलावे. मातुःश्रींचे मतही येथे आमच्याहून निराळे पडले नाही.

परंतु बदल कोणताही असो, तो सांगून करावा. प्रयोगाच्या हस्तपत्रिकेत दोन ओळी पुरे होतात : अमुक पदे वेळेअभावी गाळली आहेत, अमुक पदातील शब्द अमक्याने बदलले आहेत. 'मानापमान' नाटकावरून जानेवारी २०२५ मध्ये चित्रपट निघाला, त्यात नव्या चाली व नवी गीते घातली गेली. ती कोणास रुचली, कोणास नाही. पण ती नवी म्हणूनच पुढे आली, खाडिलकरांची म्हणून कोणी विकली नाहीत. १९११ सालचे नाटक आपल्या जागी अभंग आहे.

ही दक्षता आता आपणांसच घ्यावयाची आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. किर्लोस्कर १८८५ साली गेले, देवल १९१६ साली, खाडिलकर १९४८ साली. म्हणजे तिघांचीही नाटके आता सर्वांची झाली. पदे छापण्यास व गाण्यास कोणाची अनुमती नको, आणि ती बिघडविल्यास हटकणारा वारसही सहसा पुढे येणार नाही. ती जशीच्या तशी पाठ असलेली माणसे घराघरांत आहेत, तोवर एकदा त्यांच्यापुढे बसून मुलांनी ती ऐकून घ्यावी.

आमच्या पुतणीने परत गेल्यावर ते पाण्याची रेघ असलेले पुस्तक बसविणाऱ्या गृहस्थांस दाखविले. "शब्द प्रेक्षकांस कळणार नाही," हे त्यांचे म्हणणे कायम होते, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. तेव्हा तिने आजीची युक्ती पुढे केली. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते पद देवलांच्याच शब्दांत झाले. 'पाऊणशे' म्हणताना चारही मैत्रिणींनी प्रेक्षकांकडे चार बोटे उभी करून एक मिटले, आणि मुलांनी भरलेल्या त्या सभागृहात नेमका त्याच जागी हशा पिकला. मातुःश्री पहिल्या रांगेत होत्या. घरी परतल्यावर त्या एवढेच म्हणाल्या की, मुलींनी बोट अंमळ लवकर मिटले; समेवर मिटावयास हवे होते.