वेगाची मुभा आणि नियमांचे ज्ञान

सिंदखेड राजा ही जिजामातेची जन्मभूमी आणि लोणार हे उल्कापाताने निर्माण झालेल्या खाऱ्या सरोवराचे गाव, अशी बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागाची ओळख पिढ्यानुपिढ्या होती. तीत आता नागपूरहून मुंबईस जाणाऱ्या समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. नागपूर ते शिर्डी हा या मार्गाचा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, आणि 5 जून 2025 रोजी अखेरचा टप्पा सुरू होऊन 701 किलोमीटरचा सहापदरी मार्ग सलग झाला. त्याची आखणी ताशी 150 किलोमीटर वेगास अनुरूप अशी असून मोटारींना ताशी 120 किलोमीटरपर्यंत जाण्याची मुभा आहे. राजूर घाटाच्या वळणांवर भोंगा वाजवीत, कापसाच्या बैलगाडीस बाजू देत आणि गावोगावच्या गतिरोधकांवर वेग आवरीत ज्यांनी वाहन हाकण्याचे शिक्षण घेतले, त्या चालकांच्या हाती एकाएकी हा सरळ, निर्वेध मार्ग आला. परंतु त्या वेगास लागणारे ज्ञान त्यांना कोणी दिले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

ज्या स्थळी वेग हाच मुख्य हेतू असतो, तेथील रीत या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथे 1927 साली खुला झालेला, अरण्यातील डोंगरउतारांवरून जाणारा, सुमारे 21 किलोमीटर लांबीचा शर्यतीचा मार्ग आहे. शर्यती नसतील अशा ठराविक वेळी, शुल्क भरून, वैध परवाना बाळगणाऱ्या सामान्य चालकासही तेथे आपली मोटार नेता येते. परंतु अशा वेळी त्या मार्गावर रहदारीचा कायदाच लागू असतो. मार्ग एकेरी असतो. मागून येणाऱ्यास वाट देण्यासाठी सावकाश जाणाऱ्याने उजवी बाजू धरावयाची, आणि पुढे जाणे ते केवळ डाव्या बाजूने. फेरीस लागलेला वेळ मोजण्यास मनाई असते, आणि कठड्याची मोडतोड झाल्यास दुरुस्तीचा खर्च चालकाच्या माथी बसतो. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, जेथे 30 ऑक्टोबर 2011 रोजी भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, किंवा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथील मार्गावर उतरणाऱ्यासही निशाणांची भाषा अवगत असावी लागते: पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका आहे, कोणासही ओलांडू नये, निळे म्हणजे मागून अधिक वेगवान वाहन येत आहे, लाल म्हणजे धाव थांबविली आहे. आधी नियमांचे ज्ञान आणि मग वेग, असा हा क्रम होय.

सार्वजनिक महामार्गावर हा क्रम उलटा झाला आहे. वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी मैदानावर वळणे घेणे, गाडी मागे नेणे, चढावर थांबवून पुन्हा हलविणे इत्यादी कौशल्ये तपासली जातात. ताशी 120 किलोमीटर वेगाने जाताना पुढच्या वाहनापासून किती अंतर राखावे, हे कृतीने दाखविण्याचा प्रसंग त्या परीक्षेत येतच नाही. दुचाकी आणि तिचाकी वाहनांना या मार्गावर मज्जाव आहे, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु आठपेक्षा अधिक प्रवासी आसनांच्या वाहनासाठी मर्यादा ताशी 100 आणि मालवाहू वाहनासाठी 80 किलोमीटर आहे, तसेच तीन पदरांपैकी अगदी उजवा पदर पुढे जाण्यापुरताच वापरावयाचा आणि काम होताच डावीकडे परतावयाचे, याचे भान कितीजण ठेवतात?

नियमांमागचे गणित कळले म्हणजे त्यांचे ओझे वाटत नाही. ताशी 120 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 33 मीटर अंतर तोडते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जरी गेला, तरी तेवढे अंतर ब्रेक लागण्याच्या आधीच सरते. आणि त्यापुढे, रस्ता कोरडा आणि टायर उत्तम असतानाही, मोटार पूर्ण थांबण्यास आणखी 80 मीटरच्या आसपास लागतात. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, म्हणून ब्रेक लागल्यावर थांबण्यास ताशी 60 किलोमीटरला जे अंतर पुरते ते 120 ला चौपट हवे. पुढील वाहन ज्या खांबापाशी दिसले, तेथे आपण तीन सेकंदांच्या आत पोहोचता कामा नये, ही ताकीद याच हिशेबातून आलेली आहे. कारण त्या वेगात तीन सेकंद म्हणजे शंभर मीटर.

आणि तीन सेकंद म्हणजेच एक डुलकी. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन निष्क्रिय होते. या अवस्थेस महामार्गाचे संमोहन म्हणतात, आणि मध्यरात्रीनंतर तिचा अंमल अधिकच वाढतो. तिच्यावर चहा अथवा मोठ्याने लावलेली गाणी हा उपाय नव्हे. दर दोन तासांनी विश्रांतिस्थळी उतरून पाय मोकळे करणे आणि झोप अनावर झाल्यास तेथेच झोप घेणे, एवढाच खरा उपाय आहे. टायरांविषयीही हयगय नको. हवा कमी असलेला टायर धावताना अधिक वाकतो, त्यामुळे अधिक तापतो; आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने पळताना झिजलेल्या टायराची सहनशक्ती संपुष्टात येते. यास्तव हवेचा दाब प्रवासापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावा.

या जिल्ह्यास या अज्ञानाची आणि अनास्थेची किंमत ठाऊक आहे. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर, नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी प्रवासी बस सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुट्याजवळ उलटून पेटली आणि 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. बस दरवाजाच्या बाजूवर पडल्याने बाहेर पडण्याची वाटच बंद झाली; जे वाचले त्यांतील काहींनी काचा फोडून आपली सुटका केली. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले, परंतु परिवहन खात्याच्या प्राथमिक तपासणीत त्यास दुजोरा मिळाला नाही. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला, बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांचे वाहन वैजापूरजवळ याच महामार्गावर थांबलेल्या मालमोटारीवर आदळले आणि 12 जण दगावले. बिघडलेले वाहन सर्वांत डावीकडे, पदरांबाहेरील पट्टीवर न्यावे, चारही दिवे लुकलुकते ठेवावेत, मागे बऱ्याच अंतरावर त्रिकोणी इशारा मांडावा आणि प्रवाशांनी कठड्यापलीकडे उभे राहावे, हा नियम अशाच प्रसंगांसाठी आहे. जो फाटा चुकला तो चुकला, पुढच्या फाट्यावरूनच परतावे; वाहन मागे घेणे वा उलट दिशेने आणणे हा त्या वेगात समोरच्याच्या प्राणांवर घातलेला घाला होय.

त्या वर्षीच्या अपघातांनंतर वाहनांच्या टायरांची तपासणी आणि चालकांचे समुपदेशन हाती घेण्यात आले, हे उचितच झाले. परंतु अशी तजवीज दुर्घटनेच्या मागोमाग येणारी नको, नित्याची हवी. परवान्याच्या परीक्षेत द्रुतगती मार्गाचे प्रकरण सक्तीने असावे, पथकर नाक्यावर नियमांचे मराठी पत्रक हाती पडावे, आणि प्रवासी वाहतुकीच्या मालकांनी रात्रीच्या लांब पल्ल्यास दुसरा चालक दिल्यावाचून बस सोडू नये. प्रवाशांनाही एक विनंती आहे: आसनावर बसताच पट्टा बांधा, आपत्कालीन दरवाजा आणि काच फोडण्याची हातोडी कोठे आहे ते पाहून ठेवा, आणि चालकाचे डोळे मिटू लागलेले दिसले तर संकोच न करता गाडी थांबविण्यास सांगा. शासनाने रस्ता बांधला; त्यावरून सुखरूप घरी पोहोचण्याचे ज्ञान मात्र प्रत्येकाने प्रवासाला निघण्यापूर्वीच मिळविले पाहिजे.