जीपीएस अँटेनाची केबल : लांबी कमी करणे आणि पुनर्जोडणी – एक तांत्रिक विवेचन

बीजसंज्ञा : जीपीएस, समाक्ष केबल, संरोध, क्रियाशील अँटेना, कालविलंब

प्रस्तावना :
वाहनांतील मार्गदर्शक यंत्रे, बस व ट्रक यांवर लक्ष ठेवणारी उपकरणे आणि महाविद्यालयांतील सर्वेक्षण साहित्य यांमुळे जीपीएस ग्राहक हे यंत्र आज सर्वपरिचित झाले आहे. त्यासोबत येणाऱ्या बाह्य अँटेनाला बहुधा ३ किंवा ५ मीटर लांबीची बारीक काळी केबल जोडलेली असते. प्रत्यक्ष गरज पुष्कळदा मीटर-दीड मीटरचीच असते. उरलेली केबल कोठेतरी कोंबण्यापेक्षा ती कापून पुन्हा जोडावी, असा विचार येणे स्वाभाविक आहे. घरातील विजेची वायर ज्याप्रमाणे सोलून, पिळा देऊन, वर टेप गुंडाळून जोडतात त्याचप्रमाणे ही केबलही जोडली जाते आणि नंतर ग्राहकाला उपग्रह सापडेनासे होतात. असे का घडते, केबल कमी करण्याची मुळात आवश्यकता आहे काय आणि असल्यास ते काम कोणत्या रीतीने करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संदेशाचे स्वरूप :
जीपीएसचे उपग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. नागरी वापराचा मुख्य संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारितेचा असून जमिनीवर पोहोचताना त्याची शक्ती उणे १२८.५ डीबीएमच्या आसपास, म्हणजे सुमारे १.४ गुणिले १० चा उणे १६ वा घात इतके वॅट उरते. हा संदेश ग्राहकातील उष्मीय गोंगाटाच्याही खाली दबलेला असतो. ज्ञात सांकेतिक क्रमाशी जुळणी करूनच तो वर काढावा लागतो. अशा क्षीण संदेशाला केबलमधील हानी परवडणारी नसते. म्हणूनच बहुतेक बाह्य अँटेना क्रियाशील असतात, म्हणजे त्यांच्या डबीतच एक अल्पगोंगाट वर्धक बसविलेला असतो. या वर्धकाला लागणारा ३ ते ५ व्होल्टचा एकदिश विद्युत् पुरवठा ग्राहकाकडून त्याच केबलच्या मधल्या तारेतून वर जातो. एकाच तारेवरून संदेश खाली येतो आणि वीज वर जाते, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील बऱ्याच बाबींचा उलगडा होतो.

लांबी कमी केल्याने काय साधते ?
केबल आखूड केली की स्थाननिश्चिती सुधारते, असा समज विद्यार्थ्यांत आणि तंत्रज्ञांतही आढळतो. क्रियाशील अँटेनाच्या बाबतीत तो जवळजवळ निराधार आहे. आरजी-१७४ या प्रचलित बारीक केबलमध्ये या वारंवारितेला दर मीटरमागे सुमारे १.२ डेसिबल हानी होते. ५ मीटरला ती ६ डेसिबल व २ मीटरला २.४ डेसिबल होईल. फरक डोळ्यांत भरणारा आहे. तथापि साखळीतील पहिल्या वर्धकाचा गोंगाटच निर्णायक असतो, हे फ्रिस यांचे सूत्र सांगते. वर्धकाचा गोंगाटांक १.५ डेसिबल, वर्धन २६ डेसिबल आणि ग्राहकाचा गोंगाटांक ४ डेसिबल गृहीत धरल्यास ५ मीटर केबलसह एकूण गोंगाटांक १.५७ आणि २ मीटर केबलसह १.५३ डेसिबल येतो. ३ मीटर केबल कापून पदरात पडले ते डेसिबलच्या शंभराव्या भागांत मोजावे लागेल इतकेच. अँटेना अक्रियाशील असेल, तर मात्र केबलमधील प्रत्येक डेसिबल सरळ संदेशातूनच वजा होतो आणि तेथे आखूड केबलच हवी.

जागा अपुरी असणे, केबल दाराच्या फटीत चिरडलेली असणे किंवा कनेक्टर खराब होणे ही कापण्याची सयुक्तिक कारणे होत. एरवी केबलच्या व्यासाच्या पाचपटीहून तीव्र वळण न देता मोठे वेटोळे करून बांधून ठेवणे हाच प्रस्तुत लेखकाच्या मते शहाणपणाचा मार्ग आहे. समाक्ष केबलच्या वेटोळ्यामुळे संदेश बिघडत नाही.

पिळ्याची जोडणी का फसते ?
समाक्ष केबलमध्ये मधली तार, तिच्याभोवती पॉलिथिलीनचे निरोधक, त्यावर तांब्याची जाळी व सर्वांत बाहेर आवरण अशी रचना असते. तार आणि जाळी यांच्या व्यासांचे गुणोत्तर व निरोधकाचा प्रकार यांवरून केबलचा संरोध ठरतो. जीपीएससाठी तो ५० ओहम असतो. पिळा देताना ही रचनाच मोडते. संदेशाची तरंगलांबी हवेत सुमारे १९ सेंटिमीटर, तर केबलमध्ये १२.६ सेंटिमीटर असते. त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटर उघडी राहिलेली जोडणी क्षुल्लक ठरत नाही. तेथून संदेशाचा काही भाग परावर्तित होतो, आणि जाळी खंडित झाल्याने जवळच्या उपकरणांचा गोंगाट आत शिरतो. टीव्हीची ७५ ओहमची केबल लावण्यास सहसा याच कारणाने मनाई केली जाते. पण तेथे परावर्तित होते ती केवळ ४ टक्के शक्ती. अडचण येते ती तिला योग्य कनेक्टर बसविण्याची. त्या मानाने पिळा अधिक घातक आहे. जाळीचा एखादा केसासारखा धागा मधल्या तारेला टेकला, तर वर्धकाचा वीजपुरवठाच लघुमंडलित होतो आणि अँटेना पूर्णतः मुकी होते.

जोडणीची रीत :
प्रथम ग्राहक बंद करून केबल त्यापासून सोडवावी. कापावयाचे ते ग्राहकाकडील टोक. मध्येच तुकडा काढून दोन टोके सांधणे टाळावे, कारण त्यात एकाऐवजी दोन टोके तयार करावी लागतात. नवीन कनेक्टर ५० ओहमचा व त्याच जाडीच्या केबलसाठी बनविलेला असावा. येथे एक सावधगिरी : वाय-फाय उपकरणांसाठीचा उलट ध्रुवतेचा एसएमए कनेक्टर दिसायला सारखाच असून आटेही जुळतात, पण मधला संपर्क होत नाही.

क्रिंप करावयाची नळी केबलवर आधीच ओवून घ्यावी. ही पायरी विसरल्यास सर्व काम पुन्हा करावे लागते. आवरण, जाळी व निरोधक निर्मात्याने दिलेल्या मापांनुसार सोलावे. मधली तार सात बारीक धाग्यांची असते. सोलताना एकही धागा तुटू देऊ नये. तिच्यावर पिन बसवून झटपट सोल्डर करावे. उष्णता रेंगाळली की पॉलिथिलीन वितळते व तार मध्यापासून ढळते. मग पिन कनेक्टरमध्ये सारून जाळी त्याच्या मागील भागावर सर्व बाजूंनी पसरावी, नळी पुढे ओढावी आणि षट्कोनी साच्याच्या क्रिंपिंग टूलने दाबावी. पक्कडीने दाबलेली नळी आज घट्ट वाटली, तरी वाहनाच्या हादऱ्यांत सैल होते. गच्चीवरील जोडणीस आपसांत एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळावी. जाळीत एकदा पाणी शिरले की ते केशाकर्षणाने दूरवर पसरते.

पडताळणी :
मल्टिमीटरने पिन व कनेक्टरचे बाह्यांग यांमधील रोध पाहावा. तो शून्य आल्यास केबल ग्राहकाला लावूच नये. लावल्यानंतर अँटेना घेत असलेली विद्युत् धारा मोजता आल्यास ती साधारणतः ५ ते २० मिलिअँपिअर असते. शून्य धारा म्हणजे मधली तार जोडलेली नाही. त्यानंतर प्रत्येक उपग्रहाच्या संदेशाचे गोंगाटाशी असणारे गुणोत्तर कापण्यापूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहावे. मोकळ्या आकाशाखाली उंचावरील उपग्रहांसाठी ते ४० ते ५० डेसिबल-हर्ट्झ असते. तुलना दुसऱ्या दिवशी करावयाची असल्यास घड्याळात सुमारे चार मिनिटे आधीची वेळ घ्यावी, कारण उपग्रहांची मांडणी एका ठिकाणाहून २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा तशीच दिसते.

कालमापनाचा प्रश्न :
केबलमधील विलंब सर्व उपग्रहांच्या संदेशांना समान असल्याने तो ग्राहकाच्या घड्याळाच्या त्रुटीत मिसळून जातो आणि स्थान बदलत नाही. मिळणारे स्थान अँटेनाचे असते. केबल आखूड झाल्याने अँटेना हलवावी लागली, तर स्थानही तेवढेच सरकते. परंतु ग्राहक कालमापनासाठी वापरला जात असेल, तर चित्र पालटते. अशा केबलमध्ये दर मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद विलंब होतो. इटलीतील ग्रान सास्सो प्रयोगशाळेच्या ऑपेरा प्रयोगात सप्टेंबर २०११ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे जाहीर झाले. जीपीएसची वेळ भूमिगत घड्याळापर्यंत नेणाऱ्या प्रकाशतंतूचा कनेक्टर पूर्ण घट्ट बसलेला नव्हता आणि त्यातून सुमारे ७३ नॅनोसेकंदांची चूक शिरली होती, हे २०१२ मध्ये निष्पन्न झाले. दुसऱ्या एका दोषाने तिचा काही अंश उलट दिशेने भरून निघाला होता. तेथील केबल वेगळ्या जातीची होती; पण जोडणी आणि काळ यांचा संबंध तोच.

कालमापक ग्राहकात केबलच्या विलंबाचा आकडा आगाऊ भरलेला असतो. केबल कापल्यावर तो बदलणे अनिवार्य आहे. कापलेला तुकडा टेपने मोजावा, मीटरांच्या संख्येस ५ ने गुणून येणारे नॅनोसेकंद जुन्या आकड्यातून वजा करावेत आणि नवा आकडा नोंदवहीत तारखेसह लिहून होईपर्यंत तो तुकडा कचऱ्यात टाकू नये.