गुरुवारच्या यादीची साक्ष

एखाद्या काळाचा इतिहास लिहावयाचा झाला की आपण राजवटी, करार, निवडणुका आणि दंगली यांच्या नोंदी शोधू लागतो. त्या काळी माणसे स्नानगृहात कोणते गाणे गुणगुणत होती, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. तो थोडा पोरकट वाटतो. परंतु करारावर सही करणारे दोघेचौघे असतात आणि गाणे गुणगुणणारे लाखो. या लाखोंच्या आवडीची आठवड्यागणिक नोंद कोणी ठेवली असेल, तर तिला इतिहासाचे साधन का म्हणू नये? गेली दोन वर्षे मी अशाच एका नोंदीच्या मागे आहे. तिचे मोल काय आणि तिच्या मर्यादा काय, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

गाण्यांची साप्ताहिक क्रमवारी ही कल्पना आपल्याला परकी नाही. रेडिओ सिलोनवरून १९५२ मध्ये सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ आपल्या आजीआजोबांच्या पिढीला पाठ होती. अमीन सयानी यांचा आवाज, एकेक ‘पायदान’ चढत जाणारी गाणी आणि अखेरीस पहिल्या क्रमांकाची उत्सुकता, एवढ्यावर बुधवारची रात्र रंगत असे. इंग्लंडमध्ये हेच काम दूरचित्रवाणीने केले. बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ रोजी सुरू झाला. पहिला भाग मँचेस्टर शहरातील एका जुन्या चर्चचे रूपांतर करून उभारलेल्या स्टुडिओतून दाखवला गेला. त्या आठवड्यात बीटल्स पहिल्या क्रमांकावर होते. कार्यक्रम बहुतेक काळ गुरुवारी संध्याकाळी लागे. ३० जुलै २००६ रोजी तो साप्ताहिक स्वरूपात बंद झाला, तोपर्यंत त्याचे बावीसशेहून अधिक भाग झाले होते.

त्याचे नियम सोपे होते. त्या आठवड्याच्या विक्रीत जी गाणी वर चढत आहेत ती दाखवायची. खाली घसरणाऱ्या गाण्याला सहसा जागा नाही. एकच गाणे लागोपाठ दोन आठवडे घ्यायचे नाही, अपवाद पहिल्या क्रमांकाचा. तो मात्र दर आठवड्याला शेवटी यायचाच. क्रमवारी बनत असे दुकानांतील विक्रीवरून. १९६९ पासून एक बाजार-संशोधन संस्था देशभरातील काही निवडक दुकानांकडून विक्रीच्या नोंदवह्या मागवून त्यांवरून यादी तयार करी. १९८३ पासून हे काम दुसऱ्या संस्थेकडे गेले आणि मोजणी यंत्राने होऊ लागली. मंगळवारी यादी जाहीर होई, बुधवारी चित्रीकरण आणि गुरुवारी प्रक्षेपण. एवढ्या घाईत एखादा गायक परदेशी दौऱ्यावर असला तर काय करायचे? त्याच्या गाण्यावर नृत्यपथकाला नाचवायचे! ‘पॅन्स पीपल’ नावाच्या पथकाने १९६८ पासून आठ वर्षे हे काम केले. दोनतीन दिवसांत बसवलेले ते नाच कधी सुरेख, तर कधी शाळेच्या स्नेहसंमेलनाची आठवण करून देणारे असत.

संगीतकारांच्या संघटनेचाही एक नियम होता. दुकानात विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिकेवर नुसते ओठ हलवलेले तिला चालत नसत, कारण त्यात वादकांचा रोजगार बुडे. तेव्हा बँडने साथसंगीत या कार्यक्रमासाठी पुन्हा वाजवून मुद्रित करावे, आणि एकट्या गायकाला स्टुडिओतील वाद्यवृंदाने साथ द्यावी, असे ठरले. जुने भाग ऐकताना ओळखीचे गाणे एकाएकी किरटे किंवा बिथरल्यासारखे वाटते, त्याचे कारण बरेचदा हा नियम असतो.

हे भाग आज पाहावयास मिळतात ते एका पुनःप्रक्षेपणामुळे. बीबीसीच्या चौथ्या वाहिनीने एप्रिल २०११ मध्ये ते क्रमाने दाखवण्यास आरंभ केला, तो एप्रिल १९७६ च्या भागांपासून. माझ्या काकू १९७३ पासून लंडनच्या उपनगरात राहतात. त्यांनी हे भाग ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवले होते. त्यांच्या संग्रहातून १९७६ ते १९८४ या काळातले बरेचसे भाग मी ओळीने पाहिले.

ओळीने पाहणे महत्त्वाचे आहे. निवडक गाण्यांचे संग्रह बाजारात पुष्कळ मिळतात. पण ती निवड करणाऱ्याला पुढे काय झाले ते माहीत असते. कोण मोठा झाला, कोण विस्मृतीत गेला, हे जाणून तो मागे वळून वेचत असतो. साप्ताहिक भाग बनवणाऱ्यांना उद्याची काहीच कल्पना नव्हती. पुढे जगभर गाजणारा गायक आणि तीन आठवड्यांत विसरला जाणारा गायक, दोघांची ओळख निवेदक सारख्याच उत्साहाने करून देतो. या अज्ञानातच त्या भागांचा खरेपणा आहे. रोजनिशी आणि आत्मचरित्र यांच्यात जो फरक, तोच येथे.

एक उदाहरण देतो. पुनःप्रक्षेपणाच्या सुरुवातीलाच ‘ब्रदरहुड ऑफ मॅन’ या चौकडीचे गाणे पहिल्या क्रमांकावर आहे. ते १९७६ च्या वसंतात सहा आठवडे तेथून हलले नाही. म्हणजे भाग बदलतो, निवेदक बदलतो, पण शेवट तोच. संग्रहात हे गाणे तीन मिनिटांत उरकते. ओळीने पाहणाऱ्याला मात्र एखादे गाणे लोकप्रिय असणे म्हणजे काय, ते हाडामासात जाणवते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘द वुर्झल्स’ नामक ग्रामीण ढंगाच्या मंडळींचे कापणी-मळणीच्या यंत्रावरचे विनोदी गाणे दोन आठवडे पहिले होते! कोणत्या थोर इतिहासात ते सापडेल?

काकूंना मी विचारले, “तुम्हाला १९७७ साल कसे आठवते?” त्या क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, “अरे, ते पंकचं वर्ष! केसांचे तुरे, सेफ्टी पिना आणि नुसता आरडाओरडा.” पुस्तकेही हेच सांगतात. राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात, जून १९७७ मध्ये, ‘सेक्स पिस्टल्स’ या बँडच्या राणीविरोधी गाण्यावर बीबीसीने बंदी घातली, तरी ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पण पहिल्या क्रमांकावर कोण होते? रॉड स्टुअर्ट, एका शांत प्रेमगीतासह. वर्षअखेरीस तर पॉल मॅकार्टनीच्या ‘विंग्ज’चे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे ‘मल ऑफ किन्टायर’ नऊ आठवडे पहिले राहिले आणि ब्रिटनमध्ये वीस लाखांहून अधिक प्रती खपलेली ती पहिली एकेरी ध्वनिमुद्रिका ठरली. त्याच्याखाली दुसऱ्या क्रमांकावर यॉर्कशायरचा एक पितळी वाद्यांचा बँड! काकूंची आठवण खोटी नाही. जे धक्का देते ते लक्षात राहते. जे रोज सुखवते ते विसरले जाते. या विसरलेल्या बहुसंख्येची साक्ष फक्त त्या भागांत उरली आहे.

कधी कधी मात्र ही यादी एकाएकी वृत्तपत्रासारखी बोलू लागते. नोव्हेंबर १९७९ च्या एका भागात ‘द स्पेशल्स’, ‘मॅडनेस’ आणि ‘द सिलेक्टर’ हे तीन बँड एकाच संध्याकाळी आले. तिघांच्याही संगीताचे मूळ जमैकात. यांतील ‘स्पेशल्स’ आणि ‘सिलेक्टर’ यांत गोरे व कृष्णवर्णीय खांद्याला खांदा लावून वाजवत होते, आणि हे अशा वेळी की वर्णद्वेषी ‘नॅशनल फ्रंट’चे मोर्चे रस्त्यावर निघत होते. पुढे जुलै १९८१ मध्ये इंग्लंडच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, तेव्हा पहिल्या क्रमांकावर ‘स्पेशल्स’चेच ओस पडलेल्या, बेकार शहराचे वर्णन करणारे गाणे होते. त्याच आठवड्याचा भाग पाहताना अंगावर काटा येतो. एरवी झगमगणाऱ्या त्या मंचावर बाहेरच्या रस्त्याचा धूर आल्यासारखा वाटतो.

आपला मुलूखही त्या मंचाला अगदीच अनोळखी नव्हता. ‘क्वीन’ या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजेच फारूख बुलसारा, याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. तेथेच त्याने मित्रांसह पहिला बँड काढला. १९७५ च्या नोव्हेंबरात ‘क्वीन’ दौऱ्यावर असल्याने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’साठी त्यांनी काही तासांत एक चित्रफीत तयार करून या कार्यक्रमाकडे धाडली. ते गाणे नऊ आठवडे पहिले राहिले, आणि गाण्याबरोबर चित्रफीत हवीच ही प्रथा पुढे रुजली, तिला या यशाने मोठे बळ दिले. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘कॉर्नरशॉप’ या बँडचे जे गाणे पहिले आले, ते तर आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्या गौरवार्थ रचलेले होते.

येथवर गोडवे झाले. आता दोन कटू गोष्टी.

पहिली नाशाची. पुनःप्रक्षेपण १९७६ पासूनच का सुरू झाले? कारण त्याआधीचे फारसे शिल्लकच नाही. चित्रफीत महाग होती. एकावरचे पुसून तिच्यावर दुसरे मुद्रित करण्याचा रिवाज होता. शिवाय पुन्हा दाखवण्यावर करारांची बंधने असत. आठवड्याचे गाणे आठवड्याने शिळे, मग ते सांभाळायचे कशाला, असाही विचार असावा. परिणामी पहिल्या सुमारे पाचशे भागांपैकी जेमतेम वीस पूर्ण उरले आहेत. बीटल्स १६ जून १९६६ रोजी या स्टुडिओत आले होते. तो भाग पुसला गेला. २०१९ मध्ये त्यातला अकरा सेकंदांचा मुका तुकडा हाती आला, तोही कोणा कुटुंबाने घरच्या कॅमेऱ्याने दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून टिपलेला. डेव्हिड बोवी याचे जानेवारी १९७३ मधील एक गाणे असेच गेले असे मानले जात होते. पण जॉन हेन्शॉल या छायाचित्रकाराने आपल्या खास भिंगाचे काम दिसावे म्हणून एक प्रत स्वतःजवळ ठेवली होती. ती २०११ मध्ये पुढे आली. संस्थेने पुसले आणि एका माणसाच्या हौसेने वाचवले, असा हा उलटा न्याय!

दुसरी गोष्ट याहून अवघड. या कार्यक्रमाचा पहिला भाग सादर करणारा आणि २००६ च्या शेवटच्या भागातही हजर असणारा निवेदक होता जिमी सॅव्हिल. २०११ मध्ये तो मेला. २०१२ च्या ऑक्टोबरात उघड झाले की या माणसाने कित्येक दशके मुलामुलींवर लैंगिक अत्याचार केले होते. बीबीसीने नेमलेल्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. त्याने बीबीसीतील कामाच्या आडून ७२ जणांवर अत्याचार केल्याचे त्यात नमूद आहे, आणि त्यांत या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांत आलेल्या मुलीही होत्या. तेव्हापासून त्याने सादर केलेले भाग पुनःप्रक्षेपणातून वगळले जातात. ओळीने पाहणाऱ्याला मध्येच आठवडा गायब झालेला दिसतो.

हे योग्य की अयोग्य? काकूंचे मत स्पष्ट होते : “ज्या बायकांनी ते सोसलं, त्यांच्या दिवाणखान्यात त्याचं तोंड पुन्हा कशाला?” मला हे पटते. मनोरंजन म्हणून ते भाग दाखवणे हा पीडितांचा नव्याने अपमान ठरेल, आणि माझ्या संशोधनाच्या सोयीपेक्षा त्यांची शांती मोठी आहे. परंतु न दाखवणे आणि नष्ट करणे यांत फरक केलाच पाहिजे. गर्दीत मुलींच्या मधोमध, सर्वांदेखत, हसत उभा असलेला तो माणूस लाखो घरांतून पाहिला गेला, आणि जे दिसत होते त्याचा अर्थ कोणी लावला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अशी गोष्ट कशी लपून राहते, याचा तो पुरावा आहे. तो अभ्यासकांसाठी कुलपात का होईना, जपून ठेवावयास हवा. सन १९६० च्या दशकातील भाग पुसले गेले ते क्षुल्लक म्हणून. हे भाग लाजिरवाणे म्हणून पुसले गेले तर नुकसान दुहेरी होईल. उरलेला इतिहास मग निव्वळ नाचगाण्याचा, निष्पाप आणि म्हणूनच खोटा ठरेल.

हा प्रश्न केवळ इंग्लंडचा नाही. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, याची एकही प्रत उपलब्ध नाही. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ ज्या वर्षी सुरू झाला त्याच १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने तेथे हयातभर डबे गोळा केले, म्हणून निदान पुष्कळसे वाचले. त्यांनी चांगले तेवढेच वेचायचे असे ठरवले असते, तर आज सामान्य प्रेक्षकाने खिडकीवर रांगा लावून काय पाहिले, ते कळण्याचा मार्ग उरला नसता.

जाता जाता आपल्या दाराशी येतो. आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यातील एका कपाटात जुन्या स्नेहसंमेलनांच्या कॅसेट्स आहेत. काहींवर वर्ष आहे, काहींवर नाही. दोनतीनांवर बुरशी धरली आहे. त्यांत थोर कला फारशी नसेल. बेसूर गाणी असतील, विसरलेले विनोद असतील, कदाचित आज ऐकवणार नाहीत असे शेरेही असतील. यंदा कपाट रिकामे करण्याची चर्चा ऐकली. माझी विद्यार्थी मंडळाला विनंती आहे की ते रिकामे करण्याआधी त्यांची यादी करावी, वर्षे लिहावीत आणि संगणकावर प्रती उतरवून घ्याव्यात. दोनचार मित्रांसह हे काम करण्यास मी तयार आहे. काय मोलाचे आणि काय टाकाऊ, हे ठरवण्याचा अधिकार पन्नास वर्षांनंतर येणाऱ्यांसाठी राखून ठेवू या.