क्वेस्टची पाच वर्षं : बघायचं ते भिंगाकडे

२१ मे २०१९ रोजी ऑक्युलसचे दोन व्हीआर हेडसेट एकाच दिवशी बाजारात आले. किंमतही सारखीच, ३९९ डॉलर. रिफ्ट एसला तगडा कॉम्प्युटर आणि लांब वायर लागायची, क्वेस्टला दोन्ही लागत नव्हतं. दोन वर्षांत रिफ्टचं दुकान बंद झालं, क्वेस्ट मात्र राहिला. तिथून ऑक्टोबर २०२४पर्यंत ‘नवा घ्यावा का?’ हा प्रश्न क्वेस्टवाल्यांपुढे पुन्हापुन्हा येत गेला. आपल्याकडे तो जास्तच अवघड होता. या काळात भारतात क्वेस्टची अधिकृत विक्रीच नव्हती. अमेरिकेहून येणाऱ्या कुणाला तरी गळ घालायची, नाहीतर आयात करणाऱ्या दुकानदाराला वरचे पैसे मोजायचे. डोक्यावर चढवून बघायची सोय नव्हती. मग सगळी भिस्त आकड्यांवर, आणि आकडे भिंगाबद्दल काहीच सांगत नाहीत.

ऑक्टोबर २०२०मध्ये क्वेस्ट २ आला. कागदावर वादाला जागाच नव्हती. एका डोळ्यामागे १४४० × १६०० पिक्सेलच्या जागी १८३२ × १९२०, चिप कितीतरी वेगवान, वजन ५७१ ग्रॅमवरून ५०३वर, आणि किंमत शंभर डॉलरनं कमी. पण पहिल्या क्वेस्टमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा ओलेड पडदा होता. काळोखाचा प्रसंग आला की खरोखर काळोख दिसायचा. दुसऱ्यात दोन्ही डोळ्यांना मिळून एकच एलसीडी पडदा आला आणि रात्र राखाडी झाली. पडदा एकच म्हटल्यावर भिंगं मोकळेपणानं सरकवायची सोयही गेली. पहिल्यात खालची पट्टी सरकवून बाहुल्यांमधलं अंतर हवं तसं जुळवता येई. दुसऱ्यात ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचा. ज्याचे डोळे ६३च्या आसपास, त्याचं भागलं. ज्यांचं अंतर सत्तरीच्या पुढं, त्यांना जास्त पिक्सेल मिळूनही चित्र धूसर. शिवाय ऑक्युलसची मालक कंपनी असलेल्या फेसबुकचं खातं सक्तीचं झालं, ते ऑगस्ट २०२२पर्यंत. त्याच महिन्यात जुन्या होत चाललेल्या या यंत्राची किंमत शंभर डॉलरनं वाढवली गेली, हेही नोंदवून ठेवण्यासारखं आहे. ज्यांच्याकडे पहिला क्वेस्ट धडधाकट होता त्यांनी तेव्हा तो बदलला नाही, हे मला आजही योग्यच वाटतं.

मधला क्वेस्ट प्रो १,४९९ डॉलरला आला आणि काही महिन्यांतच ९९९वर उतरला. तो थोड्यांनीच घेतला, पण भिंगांची पुढची दिशा त्यानंच दाखवली.

क्वेस्ट २चं भिंग दिव्याखाली थोडं तिरकं धरा. त्यावर एकात एक बारीक वर्तुळाकार चऱ्या दिसतात. हे फ्रेनेल भिंग. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये ते दीपगृहासाठी घडवलं गेलं, जाड काचेचं काम पातळ काचेत व्हावं म्हणून. डोळ्यापुढं मात्र त्याच चऱ्यांवर प्रकाश विखुरतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्यांतून किरणांचे फराटे निघतात. स्पष्ट दिसतं ते फक्त मधोमध. कोपऱ्यातलं घड्याळ बघायला नजर वळवून चालत नाही, मान वळवावी लागते.

ऑक्टोबर २०२३च्या क्वेस्ट ३मध्ये पॅनकेक भिंगं आली. त्यांत प्रकाश आतल्या आत मागेपुढे परतवला जातो, त्यामुळे पडदा डोळ्याच्या जवळ बसतो आणि यंत्राचा पुढचा भाग पातळ होतो. फराटे जवळजवळ गेले. अक्षरं कडेपर्यंत वाचता येऊ लागली. बाहुल्यांमधलं अंतर एक चाक फिरवून सलग जुळवता येऊ लागलं. ४९९ डॉलर खर्चावेत असा बदल पाच वर्षांत हा एकच झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. मीही पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर आलो ते यासाठीच. मात्र या परतवापरतवीत बराचसा प्रकाश वाया जातो, म्हणून पडदा फार प्रखर लागतो. तिथं एलसीडी सोयीचा. पहिल्या क्वेस्टमधला तो गडद काळा रंग काही परत आला नाही, आणि त्याची उणीव मला अजून जाणवते.

ऑक्टोबर २०२४मध्ये २९९ डॉलरचा क्वेस्ट ३एस आला. चिप तिसऱ्याची, पण पिक्सेल, फ्रेनेल भिंग आणि तीन खाचा दुसऱ्याच्याच. पहिल्यांदाच हेडसेट घेणाऱ्याला तो उत्तम. क्वेस्ट २वाल्याचे डोळे मात्र आहेत तिथंच राहतात. तरी त्याच महिन्यात ‘बॅटमॅन : आर्कम शॅडो’ हा खेळ फक्त ३ आणि ३एसवर आला, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला ढकलायला चिप पुरते.

पहिल्या क्वेस्टला तर जानेवारी २०२३मध्येच सांगितलं गेलं की नव्या सोयी मिळणार नाहीत. विक्रीला येऊन चार वर्षंही झाली नव्हती. भिंगं स्वच्छ, पडदा शाबूत, बॅटरी चार्ज होते, आणि तरी यंत्र म्हातारं ठरतं. याचा मला मनापासून राग येतो. आज ज्याच्याकडे क्वेस्ट २ आहे त्यानं केवळ स्वस्त म्हणून ३एस घेऊ नये. पैसे जमेपर्यंत थांबावं आणि क्वेस्ट ३ घ्यावा.