क्रँक चमकतोय, पण गुळगुळीत आहे का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लेखी आवृत्ती. बोललो तसंच ठेवलंय, मधले 'अं... म्हणजे...' तेवढे काढलेत.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून घेतलाय. त्याच्या वडिलांच्या टेम्पोचं इंजिन खोललंय. क्रँक ग्राइंडिंगहून आला आणि मिस्त्री म्हणाले, "आरशासारखा केलाय, बघ." त्याचा प्रश्न असा: आरशासारखा आहे म्हणजे झालं का? टेम्पो बंद म्हणजे घरची कमाई बंद, त्यामुळे हा प्रश्न साधा नाही.

थोडक्यात उत्तर: नाही. चमक डोळ्याला दिसते, फिनिश मोजावं लागतं.

आधी आत काय चालतं ते बघू. क्रँकचा जो गोल भाग बेअरिंगमध्ये फिरतो, त्याला जर्नल म्हणतात. त्याच्याभोवती दोन अर्धगोल शेल असतात. शेलची पाठ स्टीलची आणि आतला थर मऊ धातूचा असतो. इंजिन नीट चालू असताना जर्नल आणि शेल एकमेकांना टेकतच नाहीत, मध्ये तेल असतं. जर्नल 50 मिलिमीटरचा असेल तर एकूण फट साधारण 0.05 मिलिमीटर, म्हणजे 50 मायक्रॉन. पण लोड आला की जर्नल एका बाजूला दाबला जातो आणि तिथला तेलाचा थर दोन-चार मायक्रॉनवर येतो, कधी त्याहूनही कमी. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा.

आता जर्नलवर दोन-तीन मायक्रॉनची टोकं उभी असतील, तर ती तेलाचा थर फाडून मऊ शेलवर कानशीसारखी चालतात. शेल झिजतो, फट वाढते, ऑइल प्रेशर पडतं आणि शेवटी बेअरिंग जाम.

मग मोजायचं काय? खरखरीतपणाचं नेहमीचं माप म्हणजे आर-ए, पृष्ठभागावरच्या उंचसखलपणाची सरासरी. शेल बेअरिंगसाठी नेहमी सांगितला जाणारा आकडा 15 मायक्रो-इंच, म्हणजे सुमारे 0.38 मायक्रॉन किंवा त्याहून कमी. तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

पण सरासरी फसवते, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. डॅशबोर्डवर सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास दिसतो आणि शंभरातला एक युजर दहा सेकंद ताटकळत असतो. इथेही तसंच. एक खोल चरा आर-एमध्ये लपून जातो. म्हणून जमलं तर आर-झेडही बघा, त्यात उंच टोक ते खोल दरी हे अंतर येतं.

आणखी एक गोष्ट आर-ए सांगत नाही, ती म्हणजे दिशा. बरेच क्रँक ओतीव लोखंडाचे असतात आणि त्यात ग्रॅफाइटच्या बारीक गोळ्या असतात. ग्राइंडिंग करताना या गोळ्यांच्या कडेला धातूचे सूक्ष्म कंगोरे उभे राहतात आणि एका दिशेला झुकतात. मखमलीवर उलटा हात फिरवल्यावर कसं लागतं, तसं. म्हणून शेवटचं पॉलिश करताना क्रँक इंजिनात फिरतो त्याच दिशेला फिरवायचा. वर्कशॉपमध्ये हे सरळ विचारा: "पॉलिश कुठल्या दिशेला केलंत?"

आता तपासणीचा क्रम.

पहिलं, क्रँक धुऊन कोरडा करा. तेलाची भोकंही ब्रशने साफ करा, पॉलिशची भुकटी तिथेच अडकते.

दुसरं, नख जर्नलच्या लांबीच्या दिशेने हळू ओढा. कुठे अडकलं तर पुढचं काही मोजायची गरजच नाही, क्रँक परत पाठवा.

तिसरं, तांब्याच्या जुन्या नाण्याची कड त्याच दिशेने घासा. जर्नलवर तांब्याची रेघ उमटली तर तो अजून खरखरीत आहे. ही जुनी युक्ती आहे. त्यात नापास झाला तर नक्की नापास, पण पास झाला म्हणजे पुरावा मिळाला असं नाही.

चौथं, सरफेस टेस्टर. त्याची हिऱ्याची सुई पृष्ठभागावरून सरकते आणि आकडा देते. ग्राइंडिंगच्या रेघा गोलाकार असतात, म्हणून सुई त्यांना आडवी, म्हणजे क्रँकच्या लांबीच्या दिशेने गेली पाहिजे. रेघेच्या बाजूने नेली तर आकडा खोटाच छान येतो. प्रत्येक जर्नलवर दोन-तीन जागी मोजा, भोकाची कड टाळून. टेस्टर घरी नसतोच, पण चांगल्या मशीन शॉपमध्ये किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये मिळू शकतो.

पाचवं, मायक्रोमीटर. पट्ट्याने जास्त वेळ पॉलिश केलं की चमक वाढते, पण जर्नलचा आकार बिघडतो. दोन्ही टोकांना आणि मध्ये व्यास घ्या, मग 90 अंश फिरवून पुन्हा घ्या.

आणि भोकाच्या कडा बोटाने बघा. धार लागली तर ती शेल खरवडणार.

तर मित्रा, मिस्त्रीकाकांशी वाद घालू नकोस. त्यांचा हात चांगला असेलही. फक्त म्हण, "काका, शेल बसवायच्या आधी एकदा मोजून घेऊ या." इंजिन बंद केल्यावर हीच शंका आली, तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. आकडे आले की व्हॉइस नोट पाठव, पुढच्या भागात बघू.