विश्लेषण : ‘भारतरत्न’ नावापुढे लावता येत नाही! मग या सन्मानाने नेमके मिळते काय?

‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘भारतरत्न लता मंगेशकर’, ‘भारतरत्न सचिन तेंडुलकर’... चौकातल्या पाट्या, कार्यक्रमांच्या पत्रिका, जयंतीचे फ्लेक्स आणि मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छांमध्ये हे शब्द आपण सतत वाचतो. प्रत्यक्षात मात्र देशाचा हा सर्वोच्च नागरी सन्मान नावाला जोडण्यासाठी नाहीच. सन्मान मिळालेल्या व्यक्तीने तो नावाच्या आधी किंवा नंतर लावला, तर तो काढून घेतला जाऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे.

तरीही भारतरत्नाची मागणी थांबत नाही. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांना भारतरत्न द्यावा, अशी शिफारस करणारा ठराव मंजूर केला. अशा ठरावाने पुढे काय होते? नाव नेमके कोण ठरवते? आणि जो सन्मान नावापुढे लावता येत नाही, त्याने मिळते तरी काय? जाणून घेऊ या.

घटनेत किताबांना बंदी का?

ब्रिटिश राजवटीत ‘सर’, ‘रावबहादूर’, ‘रावसाहेब’, ‘खानबहादूर’ असे किताब दिले जात. किताब नावाला चिकटायचा आणि राजनिष्ठेची खूण म्हणून मिरवला जायचा. जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर रवींद्रनाथ टागोर यांनी १९१९ मध्ये ‘सर’ हा किताब सोडून दिला, तो याच कारणाने. सरकारी किताब अंगावर बाळगणे त्यांना लाजिरवाणे वाटले.

स्वतंत्र भारतात ही पद्धत नको, यावर संविधान सभेत बऱ्यापैकी एकमत होते. १९४८ च्या अखेरीस या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी तिच्यामागची भूमिका मांडली. किताब न स्वीकारणे हा नागरिकाचा हक्क नसून नागरिकत्वासोबत येणारी अट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून अनुच्छेद १८ आला. लष्करी आणि विद्याविषयक मानविशेष वगळता राज्यसंस्था कोणताही किताब देणार नाही, असे तो सांगतो. म्हणून ‘कर्नल’ आणि ‘डॉक्टर’ राहिले, ‘रावबहादूर’ इतिहासजमा झाले.

मग भारतरत्न आला कुठून?

राष्ट्रपतींच्या सचिवालयाने २ जानेवारी १९५४ रोजी अधिसूचना काढून भारतरत्न सुरू केला. तो किताब नसून कामाची दखल आहे, अशी सरकारची भूमिका होती. त्याच वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन आणि डॉ. सी. व्ही. रामन हे पहिले तीन मानकरी ठरले.

सुरुवातीला कला, साहित्य, विज्ञान आणि सर्वोच्च दर्जाची लोकसेवा एवढीच क्षेत्रे होती. खेळाचा त्यात समावेश नव्हता. डिसेंबर २०११ मध्ये नियम बदलून ‘मानवी कर्तृत्वाचे कोणतेही क्षेत्र’ असा विस्तार करण्यात आला. त्यानंतर दोन वर्षांनी, १६ नोव्हेंबर २०१३ रोजी सचिन तेंडुलकरचा अखेरचा कसोटी सामना वानखेडेवर संपला आणि त्याच दिवशी त्याला भारतरत्न जाहीर झाला. हा सन्मान मिळवणारा तो पहिला खेळाडू आणि सर्वांत तरुण मानकरी. शास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांचे नावही त्याच दिवशी जाहीर झाले होते.

हा सन्मान दोनदा थांबला होता

किताबांना बंदी आणि सन्मानांना परवानगी, यातला फरक सर्वांनाच पटला नव्हता. मागच्या दाराने किताबच परत आणले जात आहेत, असा आक्षेप आचार्य कृपलानी यांनी घेतला. हे सन्मान बंद करण्यासाठी त्यांनी १९६९ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक आणले, पण ते मंजूर झाले नाही.

१९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या मोरारजी देसाई सरकारने मात्र भारतरत्न आणि पद्म सन्मान बंदच केले. इंदिरा गांधी सत्तेवर परतल्यावर २५ जानेवारी १९८० रोजी ते पुन्हा सुरू झाले आणि त्या वर्षी मदर तेरेसा यांना भारतरत्न मिळाला. ज्या मोरारजींनी हे सन्मान बंद केले, त्यांनाच १९९१ मध्ये भारतरत्न देण्यात आला.

दुसऱ्यांदा खंड पडला तो न्यायालयीन लढाईमुळे. १९९२ मध्ये केरळ आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयांत या सन्मानांच्या घटनात्मक वैधतेला आव्हान देण्यात आले. त्यानंतर १९९३ ते १९९६ या काळात एकही भारतरत्न दिला गेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले?

ही प्रकरणे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. ‘बालाजी राघवन विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात घटनापीठाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला. त्यातले मुद्दे असे :

– भारतरत्न आणि पद्म सन्मान हे अनुच्छेद १८ मधील किताब नाहीत, त्यामुळे ते घटनाबाह्य नाहीत.

– समानता म्हणजे गुणवत्तेची दखलच घ्यायची नाही, असे नव्हे. प्रत्येक क्षेत्रात उत्कृष्टतेसाठी झटणे हे घटनेने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. अशा कामाचा गौरव करण्याची व्यवस्था असण्यात गैर काही नाही.

– मात्र हे सन्मान नावाच्या आधी किंवा नंतर लावता येणार नाहीत. कोणी तसे केल्यास सन्मान परत घेण्याची नियमांतील प्रक्रिया वापरावी.

– निवडीचे निकष पुरेसे स्पष्ट नाहीत. त्यासाठी उच्चस्तरीय समिती नेमावी.

थोडक्यात, सन्मान वैध ठरला तो किताबासारखा वापरला जाणार नाही या अटीवर. नावापुढे न लावण्याचा नियम हा निव्वळ शिष्टाचार नाही. भारतरत्न घटनेत बसतो की नाही, हा प्रश्न याच नियमाशी बांधलेला आहे.

मग पाट्यांवरच्या नावांचे काय?

लेटरहेड किंवा ओळखपत्रावर ‘राष्ट्रपतींकडून भारतरत्नने सन्मानित’ किंवा ‘भारतरत्न सन्मानाचे मानकरी’ असे लिहिण्यास गृह मंत्रालयाची हरकत नाही. ‘भारतरत्न अमुक तमुक’ असे लिहिता येत नाही. पद्म सन्मानांनाही हेच लागू होते. एका तेलुगू चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अभिनेत्यांच्या नावापुढे ‘पद्मश्री’ लागल्याने प्रकरण थेट आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात पोहोचले होते.

पण न्यायालयाचा रोख सन्मान मिळालेल्या व्यक्तीवर आहे. इतरांनी आदराने नावापुढे भारतरत्न लावले तर काय, यावर कारवाईची ठोस तरतूद दिसत नाही. या बाबतीत सरकारी संस्थाही मागे नाहीत. मीरा-भाईंदरमध्ये ‘भारतरत्न पंडित भीमसेन जोशी’ यांच्या नावाचे सरकारी रुग्णालय आहे, तर लखनऊच्या क्रिकेट स्टेडियमचे नाव ‘भारतरत्न श्री अटल बिहारी वाजपेयी’ असे सुरू होते.

यातली सर्वांत मोठी विसंगती महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. किताब नकोत, ही तरतूद ज्यांनी संविधान सभेत समजावून सांगितली, त्या बाबासाहेबांच्याच नावापुढे ‘भारतरत्न’ सर्वाधिक ठिकाणी लिहिलेले दिसते. लिहिणाऱ्यांच्या मनात आदरच असतो. पण पाटीवर तो शब्द किताबासारखाच वाचला जातो.

नाव नेमके कोण ठरवते?

पद्म सन्मानांसाठी कोणीही ऑनलाइन नामांकन करू शकतो, अगदी स्वतःचेही. मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती त्या नावांची छाननी करते. भारतरत्नासाठी यातले काहीही नाही. पंतप्रधान राष्ट्रपतींकडे नावाची शिफारस करतात आणि राष्ट्रपती सन्मान देतात. औपचारिक नामांकनाची गरज नाही. दरवर्षी सन्मान द्यायलाच हवा असेही नाही.

एका वर्षात जास्तीत जास्त तीन, अशी मर्यादा सरकारने सांगितलेली आहे. पण १९९९ मध्ये चौघांना, तर २०२४ मध्ये पाच जणांना भारतरत्न मिळाला. कर्पूरी ठाकूर, लालकृष्ण अडवाणी, पी. व्ही. नरसिंह राव, चौधरी चरणसिंह आणि डॉ. एम. एस. स्वामिनाथन ही ती पाच नावे. ती लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झाल्याने त्यामागच्या राजकारणाची चर्चाही झाली.

अशी चर्चा नवी नाही. पं. जवाहरलाल नेहरू यांना १९५५ मध्ये आणि इंदिरा गांधी यांना १९७१ मध्ये भारतरत्न मिळाला तेव्हा दोघेही पंतप्रधानपदी होते. सरदार पटेल यांना हा सन्मान मिळायला मात्र १९९१ साल उजाडले. त्यांच्या निधनाला तेव्हा ४० हून अधिक वर्षे झाली होती. शिफारस एकाच कार्यालयातून होत असेल, तर कोणाला कधी मिळाला आणि कोणाला का नाही, हे प्रश्न प्रत्येक सरकारला चिकटणारच.

मरणोत्तर सन्मान आणि नेताजींचा पेच

१९५४ च्या मूळ नियमांत मरणोत्तर सन्मानाची तरतूद नव्हती. ती जानेवारी १९५५ मध्ये आली आणि १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्री हे पहिले मरणोत्तर मानकरी ठरले. २०२४ पर्यंतच्या ५३ मानकऱ्यांपैकी १८ जणांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला आहे. पं. मदनमोहन मालवीय यांचे निधन तर १९४६ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र होण्यापूर्वीच झाले होते. त्यांना २०१५ मध्ये भारतरत्न देण्यात आला.

या तरतुदीमुळे एकदा सरकारची चांगलीच अडचण झाली. जानेवारी १९९२ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाला. ‘मरणोत्तर’ या शब्दाला आक्षेप घेतला गेला, कारण नेताजींच्या मृत्यूबाबतचा वाद मिटलेला नव्हता. कुटुंबीयांनीही सन्मान स्वीकारला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सन्मान जाहीर करणारे ते प्रसिद्धिपत्रक रद्द समजावे, असे न्यायालयाने ऑगस्ट १९९७ मध्ये सांगितले. म्हणूनच मानकऱ्यांच्या यादीत आज नेताजींचे नाव नाही.

सन्मानात नेमके मिळते काय?

राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीची सनद आणि पिंपळपानाच्या आकाराचे पदक. पानाच्या एका बाजूला सूर्य आणि त्याखाली देवनागरीत ‘भारतरत्न’, दुसऱ्या बाजूला राजमुद्रा. रोख रक्कम एक रुपयाही नाही. राजशिष्टाचाराच्या क्रमवारीत भारतरत्न मानकऱ्यांना ‘७ अ’ हे स्थान आहे. केंद्रीय कॅबिनेट मंत्री, माजी पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते यांच्या लगेच नंतरचे.

मानकरी भारतीयच हवा, अशी अट नाही. खान अब्दुल गफार खान (१९८७) आणि नेल्सन मंडेला (१९९०) हे भारताचे नागरिक नसतानाही मानकरी ठरले. वंश, व्यवसाय, पद किंवा स्त्री-पुरुष असा भेद करता येत नाही, असेही नियम सांगतात. तरीही ५३ जणांत स्त्रिया फक्त पाच : इंदिरा गांधी, मदर तेरेसा, अरुणा असफ अली, एम. एस. सुब्बुलक्ष्मी आणि लता मंगेशकर.

महाराष्ट्राच्या वाट्याला काय?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९५८ मध्ये, म्हणजे वयाची शंभरी गाठली त्याच वर्षी भारतरत्न मिळाला. धर्मशास्त्राचा इतिहास खंडांमागून खंड लिहून सिद्ध करणारे पां. वा. काणे १९६३ मध्ये मानकरी ठरले. विनोबा भावे यांना १९८३ मध्ये आणि डॉ. आंबेडकर यांना १९९० मध्ये तो मरणोत्तर मिळाला. बाबासाहेबांचा सन्मान सविता आंबेडकर यांनी स्वीकारला. जे. आर. डी. टाटा (१९९२), लता मंगेशकर (२००१) आणि सचिन तेंडुलकर ही मुंबईची नावे. हिंगोली जिल्ह्यात जन्मलेले नानाजी देशमुख २०१९ मध्ये मरणोत्तर मानकरी ठरले. पं. भीमसेन जोशी यांना २००८ मध्ये सन्मान जाहीर झाला. प्रकृतीमुळे त्यांना दिल्लीला जाता आले नाही, तेव्हा फेब्रुवारी २००९ मध्ये सनद आणि पदकच पुण्यात त्यांच्या घरी आले.

विधानसभेच्या ठरावाने काय होईल?

कायद्याच्या भाषेत सांगायचे तर बंधनकारक असे काहीच नाही. विधानसभेचा ठराव ही विनंती आहे. तिला उत्तर देण्याची मुदत नाही की नकाराचे कारण सांगण्याची सक्ती नाही. निर्णय पंतप्रधानांच्या शिफारशीवरच अवलंबून असतो. ठरावाचे वजन राजकीय आहे : एका राज्याच्या सभागृहाने ही मागणी अधिकृतपणे नोंदवून ठेवली, एवढेच.

फुले दाम्पत्याला भारतरत्न मिळाला, तरी नियमानुसार तो त्यांच्या नावापुढे लागणार नाही. जोतीरावांच्या नावापुढे जे लागते ते कोणत्याही सरकारने दिलेले नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात सभा भरली आणि जमलेल्या लोकांच्या साक्षीने त्यांना ‘महात्मा’ म्हटले गेले. त्यासाठी ना अधिसूचना निघाली, ना सनद. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तो शब्द नावापासून वेगळा झालेला नाही.